कळीच्या चुन्याची उकळी

दिवाळीपूर्वी घर रंगविण्यासाठी चुन्याची कळी पाण्यात टाकली की पिंप खदखदू लागते. खाली जाळ नसताना पाणी उकळते कसे?

वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्या आपल्या जिल्ह्यास परिचित आहेत. भट्टीत चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, उरतो. पाणी मिळताच त्याचा विरलेला चुना होतो आणि उष्णता बाहेर पडते.

कॅल्शियम हा धातू १८०८ साली हंफ्रे डेव्हीने वेगळा केला. त्याचा तुकडा पाण्यात प्रथम बुडतो. मग हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून वर येतो, पाणी दुधाळ होते. येथेही शेवटी तयार होतो तो विरलेला चुनाच! कळीत मात्र धातूचा ऑक्सिजनशी संयोग आधीच झालेला असतो. म्हणून हायड्रोजन निघत नाही, निघते ती वाफ.

ही उकळी गमतीची नव्हे. चुना डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. पिंपाजवळ मुलांना फिरकू देऊ नये. उडालाच तर डोळा ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा आणि दवाखाना गाठावा.