विंडोज बदलण्याआधी प्रिंटरचं नाव वाचा

29 जुलै 2015 रोजी बाजारात आलेल्या विंडोज 10 चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. तेव्हापासून गावोगावच्या कॉम्प्युटर दुकानांत एक काम वाढलं आहे. जुन्या मशिनमध्ये विंडोज 11 टाकून द्यायचं, आणि नंतर गिऱ्हाइकाचा प्रिंटर का चालत नाही याचं उत्तर शोधत बसायचं. यातलं पहिलं काम तासाभरात होतं. दुसऱ्यापायी कितीतरी धडधाकट प्रिंटर माळ्यावर किंवा भंगारात जातात, आणि ते थांबवता येण्यासारखं असतं.

कन्नड तालुक्यात अंजना नदीच्या काठी वसलेल्या पिशोरसारख्या मोठ्या गावात घरचा प्रिंटर ही आता चैन राहिलेली नाही. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, पण तो कागदावर लागतोच. पीक विमा, बँकेचं कर्जप्रकरण, मुलांचे परीक्षेचे अर्ज, शाळेचे प्रकल्प यांतलं प्रत्येक काम शेवटी प्रिंटवर येऊन थांबतं. म्हणूनच अनेक घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही दोन जुने लेझर प्रिंटर राबताना दिसतात. एक एचपीचा लेझरजेट 1020 आणि दुसरा कॅननचा एलबीपी 2900. त्यांचं कार्ट्रिज कुठेही भरून मिळतं, कागद अडकला तरी घरातलं शाळकरी पोर तो काढू शकतं, आणि छपाई आजही स्वच्छ येते.

अशाच एका घरातला प्रकार सांगायला हवा, कारण प्रस्तुत लेखकाने तो जवळून पाहिला आणि तसाच तो पुढे आणखी घरांत पाहिला. कॉम्प्युटर संथ झाला म्हणून कुटुंबाने तो दुकानात दिला. दुकानदाराने फॉरमॅट मारला, विंडोज 11 टाकलं, मशिन पळायला लागलं. घरी आणून प्रिंटरची केबल जोडली तर स्क्रीनवर ‘ड्रायव्हर उपलब्ध नाही’, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रामच नाही. कपाटातून जुनी सीडी शोधून काढली, पण मशिनला सीडी घालायची जागाच नव्हती. मग मोबाइलवर प्रिंटरचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर’ असं टाइप झालं. सर्वांत वर जे आलं ती जाहिरात होती. तिथून उतरवलेल्या प्रोग्रामने कॉम्प्युटर ‘तपासला’, ढीगभर ड्रायव्हर जुने झाल्याचं लाल अक्षरांत दाखवलं आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. खाली एक ‘मदतीचा’ फोन नंबरही होता. तो लावल्यावर पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “काका, व्हायरसमुळे प्रिंटर बंद पडलाय. एक ॲप टाका, मी इथूनच नीट करून देतो.” घरातल्या मुलीने तिथेच फोन कापला. बापाच्या बँकेचा सगळा व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर चालतो, हे तिच्या ध्यानात होतं.

तिने केलं ते अगदी योग्य. दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळू देणाऱ्या ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. प्रिंटर बनवणारी कुठलीही कंपनी ड्रायव्हरचे पैसे घेत नाही, तो फुकटच असतो. म्हणून ड्रायव्हरसाठी कुणी पैसे, ओटीपी किंवा स्क्रीनचा ताबा मागितला की बोलणं तिथेच संपवावं. पैसे गेलेच असतील, तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावावा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

आता मूळ प्रश्न. चालता प्रिंटर एका दिवसात निकामी कसा ठरला? याचं उत्तर प्रिंटरच्या पोटात आहे.

महागडे ऑफिस प्रिंटर स्वतः विचार करतात. कॉम्प्युटर त्यांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट अशा ठरलेल्या भाषेत मजकूर पाठवतो, आणि अक्षर कागदावर कसं उमटवायचं हे प्रिंटरमधला प्रोसेसर ठरवतो. लेझरजेट 1020 किंवा एलबीपी 2900 यांत ती सोय काढून टाकलेली आहे, म्हणून तर ते स्वस्त पडले. त्यांच्या बाबतीत सगळा स्वयंपाक कॉम्प्युटरमध्ये होतो आणि प्रिंटर फक्त वाढपी असतो. पानाचा प्रत्येक ठिपका ड्रायव्हर तयार करतो आणि केबलमधून पाठवतो. त्यामुळे अशा प्रिंटरचा ड्रायव्हर गेला की प्रिंटर मुका होतो, आणि विंडोजमधला कुठलाही सर्वसाधारण ड्रायव्हर त्याच्या कामी येत नाही.

लेझरजेट 1020 तर याहून एक पाऊल पुढे आहे. त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्रामही त्याच्यात कायमचा साठवलेला नसतो. प्रिंटर चालू केला की दर वेळी ड्रायव्हर ते कॉम्प्युटरमधून त्याच्यात भरतो. लाइट गेली-आली की ही देवाणघेवाण पुन्हा व्हावी लागते. पिशोरमध्ये लाइट येण्याजाण्याची सवय सगळ्यांनाच आहे, पण त्यानंतर प्रिंटर अडून बसला तर तो बिघडला असं समजून कारागिराकडे नेण्याआधी प्रिंटर बंद-चालू करून थोडं थांबून पाहावं. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनाही चकवते. या दोन प्रिंटरांचं आतलं यंत्र एकाच घराण्यातलं आहे, कारण 1984 सालच्या पहिल्या लेझरजेटपासून एचपीला छपाईचं इंजिन प्रामुख्याने कॅनन पुरवत आली. एचपीचं 12ए आणि कॅननचं 303 ही कार्ट्रिजं इतकी सारखी आहेत की भरणारा कारागीर दोन्हींना एकाच मापाने हात घालतो. त्यावरून एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालेल असं वाटतं. तो चालत नाही. एचपीचा प्रिंटर झेडजेस्ट्रीम नावाच्या पद्धतीने ठिपके स्वीकारतो, तर कॅननचा कॅप्ट नावाच्या. लोखंड सारखं असलं तरी बोलणं निराळं आहे.

पिशोरच्या त्या घरात नेमकं काय घडलं तेही यावरून उलगडतं. तो कॉम्प्युटर आधी 32-बिट विंडोजवर होता. विंडोज 10 पर्यंत 32-बिट आणि 64-बिट अशा दोन्ही आवृत्त्या निघत, विंडोज 11 मात्र 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलं ते फक्त 64-बिटमध्ये. 32-बिटवरून 64-बिटवर जाताना जुनी विंडोज ठेवून वर नवी चढवता येत नाही, सगळं पुसूनच नवी टाकावी लागते. त्या पुसण्यात ड्रायव्हर गेला. आणि सीडीवर जो होता तो 32-बिटचा होता, जो 64-बिट विंडोज घेतच नाही. सीडी वाचता आली असती तरी उपयोग शून्य होता.

म्हणून मशिन दुकानात देण्याच्या आदल्या दिवशीचं काम सर्वांत मोलाचं. प्रिंटर उलटा करून किंवा त्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरून पूर्ण मॉडेल लिहून घ्यावं. समोरच्या नावात आणि पट्टीवरच्या नावात फरक असू शकतो. ‘प्लस’, ‘एन’, ‘डब्ल्यू’ अशी शेपटं असतात आणि कधी कधी त्या एका अक्षराने ड्रायव्हर बदलतो. मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलपुढे आपल्याला हवी ती विंडोज निवडून पाहावी. विंडोज 11 चा ड्रायव्हर दिसला तर प्रश्नच मिटला. नसेल, पण विंडोज 10 चा 64-बिट ड्रायव्हर असेल, तर तो बऱ्याचदा 11 वरही चालतो. तोही नसेल, तर विंडोज बदलण्याची घाई करू नये. विंडोज 10 वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. तेवढी मुदत विचार करायला पुरेशी आहे.

सध्या आपल्या कॉम्प्युटरवर काय आहे हे माहीत नसेल तर विंडोजच्या खुणेची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर दाबावं. विंडोजचा क्रमांक समोर येतो. 32-बिट की 64-बिट हे सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यातल्या अबाउटमध्ये लिहिलेलं असतं. तिथे ‘एआरएम’ असं दिसलं तर जास्त जपावं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे लॅपटॉप या प्रकारचे आहेत आणि इंटेल किंवा एएमडीसाठी लिहिलेला प्रिंटर ड्रायव्हर त्यांच्यावर चढत नाही. मुलाच्या कॉलेजसाठी असा लॅपटॉप घेताना घरच्या जुन्या प्रिंटरचा विचार क्वचितच कुणी करतं.

पट्टीच पुसली गेली असेल तरी मार्ग आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’च्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स आणि त्यातलं हार्डवेअर आयडी उघडलं की यूएसबीने जोडलेल्या यंत्राचा ओळख क्रमांक दिसतो. त्यात व्हीआयडीपुढे 03एफ0 असेल तर यंत्र एचपीचं, 04ए9 असेल तर कॅननचं, 04बी8 म्हणजे एपसनचं आणि 04एफ9 म्हणजे ब्रदरचं.

कंपनीची साइट ओळखणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. पत्त्यात कंपनीचं नाव कुठे तरी आहे एवढ्यानं भागत नाही. ‘डॉट कॉम’च्या लगेच आधी काय आहे ते पाहावं. ‘सपोर्ट डॉट एचपी डॉट कॉम’ हा खरा पत्ता, पण एचपीच्या मागेपुढे आडवी रेघ मारून ‘ड्रायव्हर’, ‘सेटअप’ असे शब्द जोडलेला पत्ता दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. फाइल उतरवल्यावर ती उघडण्याआधी तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स पाहावं. सही प्रिंटरच्या कंपनीची नसेल तर फाइल पुसून टाकावी. जुन्या सॅमसंग लेझरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सॅमसंगचा प्रिंटरचा धंदा एचपीने नोव्हेंबर 2017 मध्ये विकत घेतला, त्यामुळे त्या प्रिंटरांचे ड्रायव्हर आता एचपीच्या साइटवर शोधायचे. हे ठाऊक नसल्यानेच लोक भलत्या साइटच्या जाळ्यात सापडतात.

ड्रायव्हर टाकताना जुन्या प्रिंटरांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी ड्रायव्हर सुरू करावा आणि त्याने सांगितल्यावरच केबल जोडावी. पूर्वीचा अर्धवट ड्रायव्हर शिल्लक असेल तर प्रिंटर नुसता यादीतून काढून भागत नाही. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर्स पानावरून तो पॅकेजसकट काढावा लागतो. आणि जुलै 2021 मध्ये उघडकीस आलेल्या प्रिंटनाइटमेअर या सुरक्षा-भगदाडानंतर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केल्यामुळे ही कामं ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनच करावीत.

प्रत्येक दुखणं ड्रायव्हरचं नसतं, हेही इथे सांगितलं पाहिजे. केबल एका यूएसबी छिद्रातून काढून दुसऱ्यात घातली की विंडोज कधी कधी ‘कॉपी 1’ नावाने नवा प्रिंटर तयार करतं आणि मूळ प्रिंटर ऑफलाइन दिसू लागतो. केबल पूर्वीच्या जागी लावली की काम होतं. कागदावर इंग्रजी नीट उमटतंय पण मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं येताहेत, असं असेल तर दोष फॉन्टचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की हे हमखास होतं. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईत ॲडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडून पाहावं. उलट प्रत्येक पानावर वरच्या बाजूला एकदोन ओळी निरर्थक चिन्हं येऊन पानामागून पान बाहेर पडत असेल, तर मात्र चुकीचा ड्रायव्हर बसला आहे.

ज्यांच्या मशिनला विंडोज 11 चालतच नाही, त्यांच्यापैकी काहीजण आता विंडोजऐवजी लिनक्सकडे वळत आहेत. तिथे एचपीचं एचपीलिप हे पॅकेज लेझरजेट 1020 चालवतं, पण फर्मवेअरसाठी त्याचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं. लिनक्सच्या जगाला प्रिंटरचं हे दुखणं नवं नाही, त्या जगाची एक मुळी या दुखण्यातूनच फुटली. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना संदेश जावा अशी सुधारणा तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र त्यांना मागूनही मिळाला नाही. त्या नकाराचा सल त्यांच्या मनात राहिला आणि 27 सप्टेंबर 1983 रोजी त्यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली, ज्याचे प्रोग्राम पुढे लिनक्सचा भाग झाले. वापरणाऱ्याच्या हातात यंत्र आहे पण ते चालवणारा प्रोग्राम नाही, ही पिशोरच्या घरातली अडचण त्या प्रयोगशाळेतलीच आहे.

कंपन्यांनीही आता वेगळी दिशा धरली आहे. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय मोबाइलवरून छापता यावं म्हणून ॲपलने 2010 मध्ये एअरप्रिंट आणलं, 2013 मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था उभी केली. सप्टेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की यापुढे विंडोज अशाच सामाईक पद्धतीवर भर देईल आणि कंपनीगणिक वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं टप्प्याटप्प्याने आवरतं घेईल. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंटची खूण आहे का ते आधी बघावं. सेकंडहँड बाजारातला 1020 किंवा 2900 घ्यायचा तर त्याचा 64-बिट ड्रायव्हर आपल्या हातात आल्यावरच पैसे मोजावेत.

आणि ज्यांचा जुना प्रिंटर आज व्यवस्थित चालतोय, त्यांनी आजच तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. फाइलच्या नावात प्रिंटरचं मॉडेल, 64-बिट आणि तारीख घालावी. तीच फाइल स्वतःला ईमेलही करून ठेवावी, कारण जुन्या मॉडेलची पानं कंपन्या साइटवरून केव्हा काढतील ते सांगता येत नाही. मशिन फॉरमॅटला देताना तो पेनड्राइव्ह दुकानदाराच्या हातात द्यावा, आणि कॉम्प्युटर घरी आणण्याआधी एक चाचणी प्रिंट दुकानातच काढून घ्यावी. त्यासाठी प्रिंटर सोबत न्यावा लागला तरी न्यावा.