श्रोते हजार, सोबती चार

ऑनलाइन सेवा करणाऱ्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यावा, असे ठरले की पहिला हात जातो व्हॉट्सअॅपकडे. ग्रुप निघतो. यूट्यूबवर वचन सांगणारे, झूमवर प्रार्थनासभा घेणारे, फोनवरून समुपदेशन करणारे असे ओळखीओळखीने आत येतात आणि बघता बघता संख्या शंभरावर जाते. मग रात्री उशिरा कुणीतरी लिहितो, ‘प्रार्थना करा, फार थकलोय.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, दहाबारा ‘आमेन’ पडतात आणि पाठोपाठ कुणाच्या तरी संजीवन सभेचे पोस्टर येऊन बसते. कशाने थकलास, असे विचारणारा एकही निघत नाही. असे गट उभे राहताना आणि थंडावताना पाहून माझे मत पक्के झाले आहे: ज्याचे दुखणेच सतत लोकांसमोर असण्याचे आहे, त्याला आणखी एक सभा देऊन उपयोग नाही.

हे दुखणे नीट समजून घ्यायला हवे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या काळात ज्यांनी कधी कॅमेऱ्यापुढे तोंड उघडले नव्हते, अशा पाळकांनीही उपासना मोबाइलवर आणली. पुढे मंडळ्या भरू लागल्या, तरी पडद्यावरची सेवा चालूच राहिली. चर्चमध्ये उपासना संपली की पाळक दाराशी उभा राहतो, हात हातात घेतो, कुणाचा चेहरा उतरला आहे ते त्याला दिसते. त्याचा उतरला असेल तर तो इतरांनाही दिसतो. पडद्यावर दिसतो तो कोपऱ्यातला आकडा. संदेश ऐन रंगात असताना तो दीडशेवरून नव्वदवर आला की बोलणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिवाय स्वतंत्रपणे चॅनेल चालवणाऱ्याला पास्टोरेट कमिटी नसते, हिशेब मागणारे कुणी नसते आणि रात्री एक वाजता येणाऱ्या मेसेजला उद्या बघू म्हणायची सोय नसते. अशा माणसाला झाकली मूठ ठेवायची सवय लागते. शंभर जणांच्या ग्रुपात ती मूठ उघडेल, ही आशाच चुकीची आहे.

लहान गटाचा आग्रह काही आजचा नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ च्या नाताळच्या दिवशी छोट्या सहवासगटांचे नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचे, आपल्या आत्म्याची खरी स्थिती प्रत्येकाने आळीपाळीने सांगायची. आणि आत येण्याआधीच विचारले जाई, तुझे दोष तुला दाखवलेले चालतील का? त्यांच्याच चळवळीतल्या ‘वर्ग’ म्हटल्या जाणाऱ्या बारा-बारा जणांच्या गटांची सुरुवात तर पैशातून झाली. ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडायला १७४२ मध्ये दर माणशी आठवड्याला एक पेनी ठरली आणि साधारण बारा जणांमागे ती गोळा करणारा एक नेमला. लोकांच्या घरी गेल्यावर त्याला पेनीपेक्षा बरेच काही दिसू लागले: कुणाचे बायकोशी भांडण जुंपले आहे, कुणी दारू पिऊन पडला आहे. वेस्लींना त्यातून पाळकीय काळजीची व्यवस्थाच सापडली. बारा माणसांत एक गैरहजर राहिला तर लगेच कळते. शंभरांत कुणी महिनाभर गप्प असला तरी कळत नाही. माझा सगळा युक्तिवाद या साध्या हिशेबावर उभा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो, ‘आम्हाला बिशप आहेत, विश्वस्त मंडळ आहे, मग हे कशाला?’ पण ज्याच्या हातात बदली आणि मानधन आहे, त्याच्यापुढे आपला विश्वास डळमळला आहे हे कोण बोलेल? शिवाय मंडळ असणे आणि कुणी जवळून प्रश्न विचारणे यांत अंतर असते. मद्रासमध्ये जन्मलेले ख्रिस्ती सुवार्तिक रवी जकरायस यांच्या जगभर पसरलेल्या संस्थेला संचालक मंडळ होतेच. तरीही त्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचा अहवाल आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी २०२१ मध्ये. सिअॅटलच्या मार्स हिल चर्चचे प्रवचन अनेक शाखांत पडद्यावर दाखवले जाई. तिथेही वडीलजन होते. मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांच्या दंडेलीच्या तक्रारी वाढत गेल्या, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ शाखांचे ते जाळे विसर्जित झाले. चार सोबती असते तर हे टळलेच असते, असा माझा दावा नाही. लपवणाऱ्याला कुठेही लपवता येते. पण वेळेवर विचारले जाण्याची शक्यता बरोबरीच्या माणसांतच अधिक असते. तक्रारीची चौकशी मात्र मंडळानेच करावी, ते काम सोबत्यांचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक भाविक आहे: सेवकाला प्रभू पुरेसा नाही का? पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. एकट्याने न्यायनिवाडा करून दमणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, काम वाटून द्यायला लावले. मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोप आणि भाकर दिली, पुढे सोबतीला अलीशा दिला. येशूने शिष्यांना पाठवले तेही दोघे-दोघे करून.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: बोललेले फुटते. एक स्क्रीनशॉट आयुष्यभराची सेवा बुडवू शकतो. म्हणून व्हॉट्सअॅप फक्त वेळ कळवण्यापुरते ठेवावे. कबुली लिहू नये, बोलावी. झूमवर बोलत असाल तर रेकॉर्डिंग बंद. पण गुप्ततेलाही मर्यादा आहे आणि ती पहिल्याच बैठकीत सांगून टाकावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे ‘आपल्यातली गोष्ट’ चालत नाही. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर प्रार्थनेवर थांबू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावून द्यावा.

तेव्हा गट करायचाच तर चार ते सहा जणांचा करा. एकाच संस्थेतले किंवा एकमेकांच्या हाताखालचे नकोत. कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), पेंटेकॉस्टल असे मिसळलेले चालतील, फक्त मतांचे वाद बाहेर ठेवा. स्त्री-सेविकांना हवा असेल तर त्यांचा वेगळा गट होऊ द्या. वेस्लींच्या काळीही तसे होते. पंधरवड्याला दीड तास भेटा आणि आळीपाळीने तीन गोष्टी विचारा: झोप कशी आहे, घरच्यांशी कसे चालले आहे, देणग्यांचा हिशेब कोण पाहतो. चॅनेलची सदस्यसंख्या विचारू नका, व्हिडिओची लिंक टाकू देऊ नका. सातवा आला की दुसरा गट सुरू करा. सलग दोनदा कुणी आला नाही, तर त्याला मेसेज करू नका, फोन करा.