स्केलिगला जायचं तर हातात दिवस ठेवा

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात, पोर्टमागी नावाचं मासेमारीचं छोटंसं गाव आहे. तिथून बाराएक किलोमीटर आत, भर अटलांटिकमध्ये दोन सुळके उभे आहेत: स्केलिग मायकल आणि लिटल स्केलिग. समुद्रपक्ष्यांसाठी युरोपात एकच जागा निवडायची झाली, तर मी डोळे झाकून ही निवडेन.

स्केलिग मायकलवर साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उतरता येतं. पफिन पाहायचे असतील तर मात्र जूनच गाठा, फार तर जुलैचा पहिला पंधरवडा. रंगीत चोचीचा हा पक्षी बिळात एकच अंडं घालतो आणि ऑगस्ट लागता लागता खुल्या समुद्रावर निघून जातो. ऑगस्टच्या सुट्टीत जाणाऱ्यांच्या वाट्याला रिकामी बिळंच येतात.

दिवसाला जेमतेम 180 माणसांना उतरू देतात, त्यामुळे आरक्षण काही महिने आधीच करावं लागतं. पण तिकीट हातात आलं म्हणजे बेट गाठलं, असं नाही. किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं आणि तरी बोट रद्द होते, कारण दूर कुठंतरी झालेल्या वादळाच्या लाटा बेटाच्या धक्क्यावर आपटत असतात. आमची पहिली फेरी अशीच हुकली. म्हणून इथं किमान तीन रात्री काढा आणि आरक्षण मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं घ्या. हुकलंच तर दुसऱ्या बोटीत जागा शोधायला वेळ उरतो. मळमळीची गोळी बोटीत बसण्याआधीच घ्या. बेटावर ना स्वच्छतागृह आहे, ना पावसात उभं राहायला आडोसा.

वर जायला 618 दगडी पायऱ्या आहेत, हजार वर्षांहून जुन्या. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढाचं काही वाटणार नाही, पण हरिहर गडाच्या पायऱ्यांना निदान हात रोवायला खोबण्या आहेत. इथं बहुतेक ठिकाणी आधाराला काहीच नाही. 2009 मध्ये दोन पर्यटक इथं पडून दगावले. दगड ओले असतील आणि मन कचरत असेल, तर खालीच थांबा. पफिन तिथंही हाताच्या अंतरावर दिसतात. वर पोहोचलात, तर चुन्याशिवाय नुसते दगड रचून ख्रिस्ती साधूंनी बांधलेल्या घुमटाकार झोपड्या आहेत. वाट सोडून गवतावर मात्र पाऊल टाकू नका. त्याखाली पफिनची बिळं आहेत, ती पायाखाली ढासळतात.

लिटल स्केलिगवर उतरायला बंदी आहे, बोट फक्त वळसा घालते. पण मला विचाराल तर खरा नजारा तोच. लांबून खडकावर बर्फ पडल्यासारखं दिसतं; जवळ गेल्यावर कळतं की ते गॅनेट आहेत, पस्तीस हजारांच्या आसपास जोड्या. आधी वास येतो, मग कलकलाट, आणि मग एकेक पक्षी सूर मारू लागतो. आपला खंड्या पाण्यात घुसतो तसाच, फक्त या पक्ष्याचा पंखविस्तार पावणेदोन मीटर आणि झेप कधी कधी तीस मीटर उंचीवरून. पाण्यावर आदळताना आवाज होतो. खालच्या कपारींत करडे सील पहुडलेले असतात. उतरायचं तिकीट मिळालं नाही, तर दोन्ही बेटांना नुसता वळसा घालणारी फेरी घ्या. ती स्वस्त असते आणि जागाही सहज मिळते.

समुद्र खवळलेलाच असेल तर पुलावरून व्हॅलेन्शिया बेटावर जा. तिथं किनाऱ्याच्या खडकात सुमारे साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पाद प्राण्याच्या पाऊलखुणा आहेत. तिथूनच ब्रे हेडची चढण करा. लाल चोचीचे, लाल पायांचे चफ कावळे वाऱ्यावर गिरक्या घेत असतात. मे-जूनमध्ये वारा पडला असेल तर पाण्यावर काळा पर दिसतो का पाहा: बास्किंग शार्क, जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा. तो प्लवक गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही.

शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही, हे तिकिटं काढण्याआधीच लक्षात घ्या. दुर्बीण आणि वारा अडवणारं जाकीट विसरू नका. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून ब्रे हेडला जेवण उरकून जा. त्या वेळी गॅनेटच्या पांढऱ्या रांगा लाटांना घासून लिटल स्केलिगकडे परतत असतात.