थकलेला आयकर आणि जप्ती : हात कशाला लावता येत नाही?

आयकर थकला आणि वसुली अधिकाऱ्याची नोटीस आली की आपला व्यापारी बांधव एक तर सगळे संपले असे समजून हातपाय गाळतो, नाही तर रातोरात माल मेहुण्याच्या घरी पोचवतो. पहिल्याने काही साधत नाही. दुसरा तर गुन्हा आहे. वसुली टाळण्यासाठी मालमत्ता लपवल्यास १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७६ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील नियम १० म्हणतो की, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात जे जप्त होत नाही ते करासाठीही जप्त होत नाही. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा नोटिशीवर कायदा कोणता ते आधी पाहावे.) ती यादी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. घरच्यांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मजुराची मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम हे सारे तीत येते. हिशेबाच्या वह्याही येतात. त्या लिलावात जात नाहीत, तपासणीसाठी मात्र नेता येतात.

आमच्या वाचकांना महत्त्वाचे म्हणजे कारागिराची हत्यारे. नगरच्या कापड बाजारातील शिंप्याचे मशीन, भिंगारच्या सुताराचा रंधा, कल्हईवाल्याचा भाता यांना संरक्षण आहे. पण हत्यार वेगळे आणि माल वेगळा. कापडाची ठाणे आणि शिवून टांगलेले कपडे जप्त होतात. दहा मशीनवर पगारी माणसे बसवणाऱ्या मालकाने स्वतःला कारागीर म्हणवून घेतले तर ते टिकणे अवघड, असे आम्हाला वाटते.

घराबाबत मोठा गैरसमज आहे. राहते घर वाचते ते शेतकऱ्याचे, मजुराचे, घरगडी-मोलकरणीचे. व्यापाऱ्याचे नाही.

पत्नीचे दागिने? जप्ती बाकीदाराच्या मालमत्तेवर असते. मेहेर म्हणून मिळालेले किंवा माहेरून आलेले दागिने तिचे स्वतःचे आहेत. निकाहनामा आणि सराफाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पतीने १ जून १९७३ नंतर योग्य मोबदल्याशिवाय पत्नी, सून, अज्ञान मूल किंवा मुलाचे अज्ञान मूल यांच्या नावे केलेली मालमत्ता मात्र कलम २२२ प्रमाणे त्याचीच धरली जाते. 'हिबा केला आहे' म्हटल्याने सुटका नाही.

काय सुटते याबाबत वसुली अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. म्हणून हरकत जप्तीच्या वेळीच, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दागिन्यांसाठी पत्नीने नियम ११ खाली स्वतःच्या नावाने अर्ज करावा. तो फेटाळला तर तिला दिवाणी दावा लावता येतो. वसुलीच्या नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत असते. हप्ते मागायचे तर त्याआधीच, कलम १५६ ची मागणी हाती पडल्यावर तिच्या तीस दिवसांच्या आत, आकारणी अधिकाऱ्याकडे मागावेत.