रॅंच : गुरांचा धंदा की पाहुण्यांचा?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याला गुरा-घोड्यांचे काय, असे वाचक विचारतील. पण तिजारतीचा एक धडा आम्हांला अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखात सापडला आहे.

रॅंच म्हणजे गुरे पाळण्याचे विस्तीर्ण कुरण. हॉवर्ड ईटन आणि त्याच्या दोन भावांचे असे कुरण डाकोटात मेडोराजवळ होते. पूर्वेकडच्या शहरांतले दोस्त शिकारीला, घोडेस्वारीला येत आणि मुक्काम लांबवीत. खातिरदारी फुकट! अखेर १८८२ च्या सुमारास एका पाहुण्यानेच पैसे घ्यायला लावले, असे सांगतात. पुढे १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने त्या मुलुखातली गुरे हजारोंनी मेली. ज्यांची सारी पुंजी गुरांतच होती, ते बसले. ईटन बंधूंकडे पाहुण्यांचे खाते होते. १९०४ मध्ये त्यांनी वायोमिंगमधील वुल्फ येथे, बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी बस्तान हलवले. गवत डाकोटातही होते, पण पाहुण्यांना डोंगर आणि झरे हवे होते. गिऱ्हाईक पाहून जागा बदलणे आम्हां दुकानदारांनाही सहसा जमत नाही.

अशी मालमत्ता विकायला निघते तेव्हा छायाचित्रांत दरी दिसते, कागद दिसत नाहीत. आम्ही एकदा वरचे थान पाहून गाठी उचलल्या होत्या. आतला माल डागी निघाला आणि दोन हंगाम त्याची उधारी फेडत बसलो. इथेही गाठ सोडूनच पाहावी लागते. तिकडे पाण्याच्या हक्काची तारीखवार नोंद असते. ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, म्हणून दुष्काळात नव्या हक्कदाराचा पाट कोरडा राहतो. १९१६ च्या कायद्याखाली ६४० एकरांपर्यंत जमिनी वाटल्या गेल्या, पण खालची खनिजे सरकारने स्वतःकडे ठेवली. म्हणजे वर घर तुमचे, खाली खोदण्याचा परवाना दुसऱ्याचा! भोवतालचे चराऊ रान पुष्कळदा सरकारी असते आणि तिथे गुरे परवान्यावर चरतात. आधीच्या मालकाने करसवलतीसाठी बांधकामाचा हक्क कायमचा सोडून दिला असेल, तर नव्या मालकाला तिथे बंगले बांधून विकता येत नाहीत. हा कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आणि हंगामाचा हिशेब मागावा. पाहुण्यांची गर्दी उन्हाळ्यातले तीन-चार महिने, घोड्यांना वैरण मात्र बारा महिने लागते.