हर्सूलचे पाणी आणि केसांवरचा खर्च

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तर टोकाला जळगाव रस्त्यालगत वाढलेल्या हर्सूलमध्ये केसांवरील खर्चाचा विचार न्हाणीघरातल्या बादलीपासून सुरू करावा लागतो. जायकवाडी धरणातून येणारे नळाचे पाणी रोज मिळत नसल्याने, उशाला हर्सूल तलाव असूनही, अनेक घरांत नळाचे पाणी पिण्यासाठी राखून वापरायला बोअरचे किंवा टँकरचे पाणी घेतले जाते. काळ्या पाषाणाच्या म्हणजे बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेल्या या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांचे प्रमाण वाढून साबणाला फेस येईनासा झाला की असे पाणी दुष्फेन, बोलीत जड, म्हटले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 हे भारतीय मानक लिटरमागे 200 मिलिग्रॅम इतकी एकूण दुष्फेनता योग्य मानते आणि दुसरा स्रोतच नसल्यास 600 पर्यंत चालवून घेते. टँकरच्या पाण्याचा असा आकडा मात्र कोणी विचारत नाही.

पाण्याचा हा गुण लक्षात न घेतलेल्या घरांचा अनुभव बहुधा एकाच वाटेने जातो. साबणातील मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा साका तयार करतात. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर दिसतो तोच केसांवर बसतो आणि केस एकाच वेळी चिकट व राठ लागतात. केस बिघडले असे समजून आधी महागडा शाम्पू, मग कंडिशनर, मग पार्लरमधील ‘स्पा’ आणि अखेरीस केस सरळ करणारे ‘केराटिन’ अशी खर्चाची पायरी चढत जाते, तरी धुण्याचे पाणी तेच राहते. या शेवटच्या पायरीवर पैशापेक्षा मोठे नुकसान संभवते, कारण अशा काही प्रसाधनांतून उष्णतेमुळे फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, तर ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या प्रसाधनांनंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

येथे शिकेकाईविषयीचा एक गैरसमजही दूर करणे आवश्यक आहे. शिकेकाई व रिठा यांतील फेस देणारे द्रव्य, म्हणजे सॅपोनिन, साबणासारखा साका धरत नाही, त्यामुळे घरी कुटलेली शिकेकाई जड पाण्यातही काम देते. पण शिकेकाईच्या नावाने विकली जाणारी वडी मुळात साबणच असेल, तर वेष्टनावरील शेंगांच्या चित्राने तिचे रसायन बदलत नाही. साधा स्वस्त शाम्पूही संश्लेषित फेनद्रव्यांचा असल्याने या पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा सरस ठरतो. बाटलीत थोडे पाणी व साबणाचा कीस घालून हलवल्यास फेस येतो की पांढरी साय धरते हे घरीच पाहता येते, आणि साय धरलीच तर बोअरच्या पाण्याने न्हाऊन शेवटचे दोन तांबे नळाचे किंवा पावसाळ्यात पागोळीचे पाणी घेणे, एवढा बिनखर्ची उपाय पुष्कळदा पुरेसा होतो.

खरेदी करताना किंमत न पाहता दर मिलिलिटरचा भाव पाहावा, कारण आपल्याकडे लहान पुडी मोठ्या बाटलीपेक्षा कित्येकदा स्वस्त पडते. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू व केशतेलावरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे.

केस गळण्यावरील खर्चाची गोष्ट वेगळी आहे, आणि सर्वाधिक फसगत तेथेच होते. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळू लागतात, कारण शरीरावरील ताणामुळे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नेमक्या याच काळात आणलेल्या तेलाला मग श्रेय मिळते, आणि ते तेल शेजारीपाजारी खपू लागते. औषध नियम 1945 च्या ‘जे’ परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, टक्कल आहे, हे जाहिराती वाचताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

केस गळण्याचे कारण किती अनपेक्षित ठिकाणी असू शकते, हे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीस दिसले. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत काही दिवसांतच लोकांना टक्कल पडू लागले, तेव्हा पाणी, बुरशी, शाम्पू अशा साऱ्यांवर संशय घेतला गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या रक्तात व केसांत सेलेनियम, म्हणजे अल्प मात्रेत आवश्यक पण अधिक मात्रेत विषारी असे मूलद्रव्य, फार वाढल्याचे दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. अशा गळतीवर कोणताही शाम्पू बदलून उपयोग झाला नसता.

म्हणून दोन-तीन महिने गळती थांबली नाही, किंवा टाळूवर चट्टे दिसले, तर तेलाची पुढची बाटली घेण्याआधी शहरातील सरकारी घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. हिमोग्लोबिन व थायरॉइडच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात, आणि मागील सहा महिन्यांतील आजार, औषधे व डोक्याला लावलेली प्रत्येक वस्तू कागदावर लिहून न्यावी.