ओठावर अडलेले नाव

आमच्या पारावर दर रविवारी सकाळी प्रश्नमंजुषा रंगते. साहित्य, भूगोल आणि क्रीडा एवढेच विषय. हरणाऱ्याने चहा पाजायचा. (मी पुष्कळदा पाजला आहे. क्रिकेटपलीकडे माझी मजल नाही.) या मंडळींत एक निवृत्त गुरुजी आहेत. ते अचानक यायचे थांबले आणि एके दिवशी दवाखान्यात येऊन बसले. म्हणाले, "डॉक्टर, माझी स्मृती चालली. आमच्या वडिलांचं असंच झालं होतं."

घडले होते एवढेच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक कोणी मिळवले, असा प्रश्न होता. गुरुजींना कराडजवळचे गोळेश्वर गाव आठवले, बँटमवेट गट आठवला, पण नाव येईना. तेवढ्यात दुसऱ्याने "खाशाबा जाधव!" असे ओरडून गुण घेतला.

याला स्मृतिभ्रंश म्हणत नाहीत. माणसाविषयीची माहिती आणि त्याच्या नावाचा उच्चार मेंदू एकाच वाटेने शोधत नाही. विशेषनामाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून तेच आधी अडते. वयाबरोबर हे वाढते. पुढे नाव आपोआप सुचते. गुरुजींनाही तशी आणखी दोन नावे रात्री जेवताना आठवली होती.

काळजीची लक्षणे निराळी. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा पैशांचा हिशेब न जमणे. रुग्णाला हे जाणवतेच असे नाही, म्हणून मी घरच्यांनाही विचारतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, उदासीनता किंवा कमी ऐकू येणे यांनीही विसराळूपणा वाटू शकतो, आणि यांवर उपाय असतात.

गुरुजींच्या पत्नींनी सांगितले, "झोप यावी म्हणून हे रोज रात्री सर्दीची गोळी घेतात." घोटाळा तिथे होता! गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी वयस्कांची स्मृती मंदावते. ती बंद केली. (झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नका.)

प्रश्नमंजुषेने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी म्हणणार नाही. पण आठवण्याचा प्रयत्न हाच व्यायाम आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. म्हणून उत्तर ओरडू नये, धागा द्यावा. 'ययाति'चे लेखक अडले, तर "शिरोड्याचे शिक्षक" म्हणावे. खांडेकर पुष्कळदा तेवढ्यावर सापडतात.

गेल्या रविवारी गुरुजी पारावर आले. मला म्हणाले, "कळसूबाईची उंची?" मी गप्प. "सोळाशे..." त्यांनी धागा दिला. १६४६ मीटर मला तरीही आले नाही. चहा माझ्याकडे लागला.